नमुना शिरेतून निघाल्यापासून आकडा हाती येईपर्यंत: मेडिसिनमधल्या पहिल्या संशोधनाची तयारी

रक्तातलं एखादं प्रथिन मोजून आजार पुढे कोणतं वळण घेईल हे सांगता येईल का? मेडिसिनमध्ये नव्याने संशोधन करणाऱ्याला सगळ्यात आधी असेच प्रश्न सुचतात. मग तो किट कोणतं घ्यावं आणि मशीन कोणतं वापरावं याची चौकशी करू लागतो. खरं तर मशीनपर्यंत पोचण्याआधीच निकाल बराचसा ठरलेला असतो. रक्त कसं काढलं, किती वेळ तसंच पडून राहिलं, कोणत्या ट्यूबमध्ये होतं, किती वेळा गोठवून वितळवलं, यावर तो अवलंबून असतो. इथे बिघडलेला नमुना पुढे कोणतंही संख्याशास्त्र दुरुस्त करू शकत नाही. म्हणून या लेखातला मोठा भाग नमुन्यालाच दिला आहे.

सगळं एका उदाहरणावरून पाहू. न्यूमोनियाने भरती झालेल्या प्रौढ रुग्णांत पहिल्या २४ तासांतल्या इंटरल्युकिन-६ (दाह झाला की रक्तात वाढणारं एक प्रथिन) च्या पातळीवरून पुढच्या ७ दिवसांत मूत्रपिंडाला तीव्र इजा होईल का, याचा अंदाज बांधता येतो का?

प्रश्न आधी घट्ट बांधा

वरचं वाक्य साधं दिसतं, पण त्यातला प्रत्येक शब्द कागदावर नेमका करावा लागतो. 'न्यूमोनिया' म्हणजे फक्त डॉक्टरांचं निदान की छातीच्या एक्स-रेवर नवी सावली हवीच? 'पहिले २४ तास' कधीपासून मोजायचे, रुग्ण दारात आल्यापासून की वॉर्डात बेड मिळाल्यापासून? 'इजा' म्हणजे काय, हे स्वतः ठरवत बसू नका. केडिगो या मूत्रपिंडविकारांवरच्या तज्ज्ञ गटाची व्याख्या जगभर वापरली जाते. क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो एक टाकाऊ पदार्थ) ४८ तासांत ०.३ मिग्रॅ प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त वाढणं, किंवा ७ दिवसांत मूळच्या दीडपट वा अधिक होणं, किंवा लघवीचं प्रमाण सलग ६ तास दर किलो वजनामागे तासाला ०.५ मिलीपेक्षा कमी असणं, यांपैकी काहीही एक पुरतं. वॉर्डात लघवीची दर तासाची नोंद नीट होत नसेल, तर तो निकष वापरणार नसल्याचं प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट अशी की काही रुग्ण भरती होतानाच मूत्रपिंडाला इजा झालेले असतात. त्यांना मोजणीत ठेवलं तर जे घडून गेलं आहे त्याचंच 'भाकीत' केल्यासारखं होतं आणि चाचणी आहे त्यापेक्षा खूप चांगली दिसते. त्यांना सुरुवातीलाच वगळायचं. डायलिसिसवर असलेल्यांनाही. मूळ क्रिएटिनिन म्हणून कोणता आकडा घ्यायचा, मागच्या काही महिन्यांतला बाहेरचा रिपोर्ट की भरतीच्या दिवसाचा, हेही आत्ताच ठरवा. चौथ्या दिवशी दगावलेल्या किंवा घरी गेलेल्या रुग्णाचं काय करायचं, तेही. हे निर्णय आकडे पाहिल्यावर घेतले की नकळत आपल्याला हवा तसा निकाल देणारा निर्णय घेतला जातो.

क्रिएटिनिन कोणत्या पद्धतीने मोजलं जातं हे लॅबला विचारा. जुनी जाफे पद्धत कीटोन आणि खूप वाढलेल्या ग्लुकोजमुळे आकडा वर दाखवते, तर वाढलेल्या बिलिरुबिनमुळे खाली. एन्झाइम पद्धतीत हा त्रास बराच कमी असतो. अभ्यास चालू असताना लॅबने पद्धत बदलली, तर आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच रकान्यात घालता येत नाहीत.

किती रुग्ण लागतील

दोन गटांच्या सरासरीतला फरक पकडायचा असेल तर मनात ठेवण्याजोगं एक सोपं सूत्र आहे: प्रत्येक गटात लागणारे रुग्ण = १६ × (प्रमाण विचलन ÷ फरक)². प्रमाण विचलन म्हणजे आकडे किती विखुरलेले आहेत त्याचं माप. यात ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरलेली आहे.

इंटरल्युकिन-६ च्या आकड्यांना उजवीकडे लांब शेपटी असते. बहुतेकांची पातळी दहा-वीस ते शंभरांत, पण काहींची हजारांत. म्हणून हिशोब नैसर्गिक लॉगरिदम घेऊन करायचा. लॉगवर प्रमाण विचलन १.० आणि पकडायचा फरक ०.५ धरला (म्हणजे एका गटाची पातळी दुसऱ्याच्या सुमारे १.६५ पट), तर १६ × ४ = ६४ रुग्ण प्रत्येक गटात लागतात. पण दोन्ही गट सारखे असणार नाहीत. समजा चारांतल्या एकाला इजा होते. तेव्हा इजा झालेले ४३ आणि न झालेले १२८, असे एकूण १७१ लागतील. दहा टक्के नमुने किंवा माहिती वाया जाईल असं धरलं तर १९०.

विचलनाचे आणि इजा होणाऱ्यांच्या प्रमाणाचे हे आकडे मनाने घ्यायचे नाहीत. ते आधीच्या अभ्यासातून किंवा स्वतःच्या छोट्या चाचणीतून आले पाहिजेत. 'साधारण १०० घेऊ' असं म्हणणाऱ्या प्रोटोकॉलवर इथिक्स कमिटीने प्रश्न विचारला तर तो रास्तच असतो. ज्यातून काही सिद्धच होणार नाही अशा अभ्यासासाठी आजारी माणसाला सुई टोचायचा आपल्याला अधिकार नाही.

परवानगी आणि संमती

मानवी संशोधनाचा जागतिक पाया म्हणजे १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, जो नंतर अनेकदा सुधारला गेला. इथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हाती येईपर्यंत एकही नमुना घ्यायचा नाही. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत आणि सोप्या वाक्यांत हवं. किती रक्त (चमच्यात सांगा, मिलीत सांगून कळत नाही), किती वेळा, उरलेला नमुना किती वर्षं ठेवणार, त्यावर जनुकीय तपासणी होणार का, नकार दिला तर उपचारात काही फरक पडणार नाही, हे सगळं त्यात यायला हवं.

न्यूमोनियाच्या रुग्णांत एक खास अडचण येते. ताप आणि कमी ऑक्सिजन यांमुळे काहीजण गोंधळलेल्या अवस्थेत असतात. त्यांच्या वतीने जवळच्या नातेवाइकाची संमती घेता येईल का, हे कमिटीकडून आधी मंजूर करून घ्या आणि रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःला पुन्हा विचारा. त्याने नाही म्हटलं तर नमुना नष्ट करायचा. असे सगळे रुग्ण गाळून टाकले तर अभ्यासात फक्त कमी आजारी असलेले उरतात आणि प्रश्नच बदलून जातो.

सुई टोचताना

रोजच्या तपासणीसाठी रक्त काढतानाच एक जादा ट्यूब घ्यावी, म्हणजे वेगळं टोचावं लागत नाही. आपल्याला ४ मिलीची ईडीटीए ट्यूब हवी, जांभळ्या टोपणाची. ट्यूब भरण्याचा क्रम पाळायचा: ब्लड कल्चर, मग फिकट निळी सायट्रेट, मग सीरमची (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) लाल किंवा पिवळी, हिरवी हेपॅरिन, जांभळी ईडीटीए आणि शेवटी राखाडी फ्लोराइड. या क्रमाला कारण आहे. जांभळ्या ट्यूबमधलं पोटॅशियम ईडीटीए थेंबभर जरी सीरमच्या ट्यूबमध्ये गेलं, तरी पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज खोटं घटतं. त्याच कारणाने एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतायचं नाही, मग रुग्णाची शीर कितीही अवघड असो.

पट्टा एका मिनिटाच्या आत सोडा. जास्त वेळ बांधून ठेवला की पाणी शिरेबाहेर झिरपतं आणि प्रथिनं दाट होतात. मूठ आवळ-सोड करायला सांगू नका, त्याने पोटॅशियम वाढतं. माणूस उभा आहे, बसला आहे की आडवा, यानेही अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल यांसारख्या मोठ्या रेणूंत दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो. रुग्ण झोपलेले आणि तुलनेचे निरोगी लोक चालत येऊन लगेच हात पुढे करणारे, अशा अभ्यासात दिसणारा काही फरक आजाराचा नसून आसनाचा असतो. बाहेरून येणाऱ्याला १५ मिनिटं बसू द्या.

सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त नको. बारीक सुईतून जोरात ओढलेलं किंवा कॅन्युलातून काढलेलं रक्त बऱ्याचदा फुटतं. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही एन्झाइमं बाहेर येतात. शक्यतो २१ गेजची सुई वापरा. ट्यूब खुणेपर्यंत भरा आणि ८ ते १० वेळा अलगद उलटसुलट करा. झटकू नका. सायट्रेट ट्यूबच्या बाबतीत भरण्याला सर्वाधिक महत्त्व आहे: ट्यूब कमी भरून ९ भाग रक्त आणि १ भाग सायट्रेट हे प्रमाण मोडलं की गोठण्याच्या चाचण्या खोट्या लांबतात.

ट्यूबवर लेबल रुग्णाच्या शेजारी उभं राहूनच लावायचं. नावाऐवजी अभ्यासाचा क्रमांक असेल. क्रमांक आणि नाव यांची जोडी सांगणारी यादी वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवावी. रक्त काढल्याची वेळ मिनिटासकट लिहा. ही एक नोंद राहिली तर पुढच्या साऱ्या काळजीला अर्थ उरत नाही.

घड्याळ सुरू झालं आहे

ट्यूबमधल्या पेशी जिवंत असतात. त्या ग्लुकोज खातात (साध्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के) आणि सायटोकाइन (इंटरल्युकिन-६ सारखी पेशींमधल्या निरोपाची प्रथिनं) सोडतात. फ्लोराइडने ग्लुकोज लगेच सुरक्षित होतं हा समज चुकीचा आहे. फ्लोराइड ज्या एन्झाइमला अडवतं ते साखळीत बरंच खाली आहे, त्यामुळे पहिला तास-दोन तास घट चालूच राहते. ट्यूब सरसकट फ्रिजमध्ये टाकणं हाही उपाय नाही. थंडीत पेशीच्या आवरणावरचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर गळतं आणि आकडा खोटा वाढतो. काहींना मात्र बर्फ लागतोच: अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, शक्यतो १५ मिनिटांत, वेगळा करावा लागतो. म्हणजे प्रत्येक घटकाचा नियम वेगळा. किटसोबतची माहितीपत्रिका पूर्ण वाचा, विशेषतः कोणता नमुना चालतो आणि किती वेळ टिकतो तो भाग.

आपल्या अभ्यासासाठी मर्यादा ठरवू: रक्त काढल्यापासून २ तासांच्या आत प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातला पेशींवरचा द्रव) वेगळा करायचा. ही मर्यादा आपल्याच लॅबमध्ये तपासून पाहता येते. पाच जणांच्या रक्ताच्या प्रत्येकी चार ट्यूब घ्या आणि लगेच, १, २ आणि ४ तासांनी सेंट्रिफ्यूज करून मोजा. आकडे कधी सरकू लागतात ते डोळ्यांनी दिसतं. या तपासणीत एक आठवडा जातो, आणि पुढचं वर्ष वाचतं.

आता सेंट्रिफ्यूज. प्रोटोकॉलमध्ये '३००० आरपीएम' (मिनिटाला फेऱ्या) असं लिहिणं निरुपयोगी आहे, कारण रोटर लहान-मोठा असला की त्याच फेऱ्यांना जोर वेगळा पडतो. जोर 'जी'मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, असा लिहा. सूत्र: जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटर) × आरपीएम². त्रिज्या रोटरच्या मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंत मोजायची. १६ सेंमी त्रिज्येला ३००० आरपीएमवर सुमारे १६१० जी मिळतात, १० सेंमीला जेमतेम १००६. आपल्याला १५०० जी, १० ते १५ मिनिटं पुरतील. समोरासमोरच्या ट्यूब वजनाने सारख्या ठेवा. ब्रेक हळू ठेवा, नाहीतर थांबताना बफी कोट (लाल पेशींवरचा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचा पातळ थर) ढवळून वर येतो. सीरम हवं असेल तर ट्यूब आधी ३० ते ६० मिनिटं उभी ठेवून रक्त पूर्ण गोठू द्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधावरच्या रुग्णांत याहून जास्त वेळ लागतो. घाई केली तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि ते पुढे मशीनची सुई अडवतात.

प्लाझ्मा काढताना पिपेटचं टोक बफी कोटच्या सुमारे ५ मिमी वर थांबवा. शेवटच्या थेंबाचा मोह टाळा, त्यातच प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी येतात. ४ मिली रक्तातून असा साधारण दीड मिली स्वच्छ प्लाझ्मा मिळतो. त्याचे ०.३ मिलीचे चार ॲलिकॉट (वेगवेगळ्या नळ्यांतले छोटे वाटे) करा. एका एलायझात (प्लेटवर प्रथिन मोजायची चाचणी) दोन विहिरींना, म्हणजे प्लेटवरच्या छोट्या खड्ड्यांना, मिळून बहुतेकदा ०.२ मिली लागतं, म्हणून हा आकार सोयीचा. एकाच नळीत सगळं भरलं तर प्रत्येक चाचणीला तोच नमुना वितळवावा लागतो. रंग पाहा आणि लिहा: गुलाबी-लाल, दुधाळ की पिवळाधमक. मशीनवर हिमोलिसिस निर्देशांक (लाल पेशी किती फुटल्या ते सांगणारा) मिळत असेल तर तोही घ्या.

फ्रीझर

गोठताना द्रव फुगतो म्हणून क्रायो नळी काठोकाठ भरू नका. लेबल अतिथंडीत टिकणारं हवं, आणि ते गोठवण्याआधी, कोरड्या नळीवर लावायचं. दहिवर जमलेल्या नळीला काहीच चिकटत नाही. साध्या पेनची शाई स्पिरिटने पुसली जाते. तापमान उणे ८० अंश सेल्सिअस. घरगुती पद्धतीचा, आपोआप बर्फ वितळवणारा उणे २० चा फ्रीझर संशोधनासाठी नको, कारण तो वरचेवर गरम होतो आणि प्रत्येक वेळी नमुना थोडाथोडा वितळतो.

खोक्यात ९ × ९ म्हणजे ८१ घरं असतात. कोणत्या घरात काय आहे याचा नकाशा संगणकावर त्याच दिवशी भरा. चारांतले दोन ॲलिकॉट एका फ्रीझरमध्ये आणि दोन दुसऱ्यात, शक्यतो वेगळ्या वीजजोडणीवरच्या. अलार्म कोणाच्या फोनवर वाजतो आणि रात्रपाळीला कोण येणार, हे नावानिशी ठरलेलं असू द्या.

नमुने दुसरीकडे पाठवायचे असतील तर कोरड्या बर्फात, उणे ७८.५ अंशांवर. खोकं हवाबंद करू नका: वायू साठून ते फुटू शकतं. कार्बन डायऑक्साइड नळीत शिरला तर नमुना आम्लधर्मी होतो, म्हणून टोपणं घट्ट असावीत. बंद खोलीत किंवा गाडीत कोरडा बर्फ ठेवला तर प्राणवायू कमी पडतो. आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा, म्हणजे सुटीत अडकत नाहीत.

प्लेटवरची मांडणी

९६ विहिरींच्या प्लेटवर ७ प्रमाण द्रावणं (पातळी आधीच माहीत असलेली) आणि १ कोरी अशी आठ जोड्यांनी १६ विहिरी जातात. दोन कंट्रोलच्या (प्लेट नीट चालली का ते पाहायचे ठरावीक नमुने) ४. उरतात ७६, म्हणजे ३८ रुग्णांचे दुहेरी नमुने. १९० रुग्णांना ५ प्लेट. फेरतपासणीसाठी सहावी घ्या, आणि सगळी किटं एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, मागवा.

दोनांतला एक कंट्रोल किटमधला असतो. दुसरा स्वतः बनवा: संशोधनासाठी संमती दिलेल्या काही जणांचा प्लाझ्मा एकत्र करून, छोट्या ॲलिकॉटमध्ये गोठवून. तो प्रत्येक प्लेटवर चालवला की प्लेटप्लेटमधली तफावत कळते. दुहेरी विहिरींतला फरक १० ते १५ टक्क्यांहून जास्त आला तर तो नमुना पुन्हा करा. किती टक्क्यांवर पुन्हा करायचं, ही रेषा आधी लिहून ठेवा.

इथली घोडचूक म्हणजे इजा झालेले सगळे रुग्ण एका प्लेटवर आणि न झालेले दुसऱ्या प्लेटवर ठेवणं. मग दिसणारा फरक आजाराचा की प्लेटचा, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि हा अभ्यास वाचवायला कोणताही मार्ग उरत नाही. क्रम यादृच्छिक करा आणि तपासणाऱ्याला गट कळू देऊ नका. कडेच्या विहिरी लवकर तापतात व सुकतात, म्हणून प्लेट झाकून ठेवा आणि सारी द्रावणं आधी खोलीच्या तापमानाला आणा. वितळलेला नमुना अलगद उलटसुलट करून मिसळा. गोठताना त्यात थर पडलेले असतात आणि नुसता वरचा भाग उचलला तर आकडा कमी येतो.

सगळ्यात वरच्या प्रमाण द्रावणाच्या पलीकडचा आकडा वक्र पुढे ओढून काढू नका, नमुना पातळ करून पुन्हा मोजा. शोधमर्यादेखालच्या (चाचणीला पकडता येईल त्याहून कमी पातळीच्या) नमुन्यापुढे ० लिहू नका. 'मर्यादेपेक्षा कमी' असा वेगळा संकेत ठेवा. बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची नोंद करा, कारण स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिनवर चालणाऱ्या चाचण्या त्याने बिघडतात.

आकडे

वहीत किंवा फॉर्मवर जे लिहिलं ते खोडायचं नाही. एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती, सही आणि तारीख. रिकामी जागा आणि ० यांचा अर्थ वेगळा आहे. एककं रकान्याच्या नावातच घाला: क्रिएटिनिन मिलिग्रॅममधून मायक्रोमोलमध्ये नेताना ८८.४ ने गुणावं लागतं, ग्लुकोज मिलिमोलमधून मिलिग्रॅममध्ये नेताना १८ ने. मिसळलेली एककं म्हणजे मोठ्या चुकांची खात्री. प्रत्येक दहावा फॉर्म मूळ केसपेपरशी पडताळा.

विश्लेषणाचा आराखडा प्लेट चालवण्याआधी लिहून तारीख टाका. इजा झालेले ४३ असतील तर मॉडेलमध्ये तीन-चार घटकांहून जास्त घालू नका. दर घटकामागे किमान दहा घटना ही ढोबळ मर्यादा आहे. आकडे पाहून सर्वांत छान दिसणारी सीमारेषा निवडायची आणि त्याच रुग्णांवर तिची अचूकता मिरवायची, हे करू नका. ती सीमा नव्या रुग्णांत टिकत नाही. आणि २० स्वतंत्र गोष्टी तपासल्या, तर खरा फरक कुठेच नसतानाही एखादी तरी 'सार्थ' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मुख्य प्रश्न एकच ठेवा.

लेख लिहिताना किती रुग्ण पाहिले, किती का वगळले, किती नमुने २ तासांची मर्यादा ओलांडून गेले, हे आकड्यांत सांगा. पद्धतीच्या भागात ट्यूबचा प्रकार, रक्त काढल्यापासून गोठवेपर्यंतचा मधला वेळ, सेंट्रिफ्यूजचे जी आणि मिनिटं, साठवणुकीचं तापमान व काळ, नमुना किती वेळा वितळला, किटचा लॉट आणि स्वतःच्या कंट्रोलमधली तफावत लिहा.